सत्तावीस इंची डबा आणि छतातले स्पीकर : २००१च्या मोटरहोममधल्या टीव्ही-ऑडिओ बदलाचं प्रकरण

"अगं, टीव्हीच तर बदलायचाय. जुना काढ, नवा लाव. तासाभराचं काम," काका फोनवर म्हणाले. काम चार शनिवार चाललं. टीव्ही बदलायला खरोखर तासभरच लागला. बाकीचा सगळा वेळ वायरी, वीज आणि आवाज यांच्यामागे गेला. माझ्या ओळखीतली आणखी दोन कुटुंबं अशीच जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी घरासारखी गाडी, घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

काका-काकू मिशिगनमध्ये राहतात, दोघंही निवृत्त. गाडी २००१चं मॉडेल, ३४ फुटी, फोर्डच्या चॅसिसवरची, पेट्रोलवर चालणारी. ज्या प्रकाराला अमेरिकेत 'क्लास ए' म्हणतात, म्हणजे बससारखं सपाट तोंड आणि पुढे भली मोठी काच, तसली. हे दोघं तिचे तिसरे मालक. इंजिन सुस्थितीत, छप्पर कोरडं, पडदेसुद्धा मूळचे. करमणुकीची सामग्री मात्र जिथल्या तिथे थिजलेली: ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटात २७ इंची जुना काचेच्या नळीचा टीव्ही, बेडरूमच्या कोपऱ्यात १३ इंची, एक व्हीसीआर, पाच स्पीकर आणि सबवूफरचा होम थिएटर संच, आणि या सगळ्यांच्या मधोमध बटणांच्या तीन रांगा असलेला एक सिलेक्टर बॉक्स. कुठल्या टीव्हीवर अँटेना, कुठल्यावर व्हीसीआर, कुठल्यावर सॅटेलाइट हे त्या बटणांनी ठरायचं.

मोठ्या टीव्हीच्या मागे टेपने चिकटवलेली एक छोटी पेटीही निघाली. १२ जून २००९ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं, तेव्हा जुने टीव्ही चालू राहावेत म्हणून सरकारने ४० डॉलरची कुपनं वाटली होती. त्या कुपनांवर मिळायची तसली ही कन्व्हर्टर पेटी. आधीच्या मालकाने टीव्ही चॅनल ३ वर ठेवून त्यातून डिजिटल चित्र काढलं होतं. पेटी बंद पडली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या उरल्या.

काय हवंय, हे मी दोघांना वेगवेगळं विचारलं. काकूंचं म्हणणं अगदी नेमकं होतं: "नाटकातला शब्द न् शब्द कळला पाहिजे. वरचा एसी चालू असतानासुद्धा. आणि सकाळी स्वयंपाक करताना अभंग लागले पाहिजेत, ते मात्र सगळ्या गाडीत." काकांना क्रिकेट हवं होतं. आयपीएलचा संध्याकाळी साडेसातचा सामना मिशिगनमध्ये सकाळी दहाला लागतो आणि दुपारी साडेतीनचा असेल तर पहाटे सहाला. पहाटे सहाला बहुतेक कॅम्पग्राउंडांत (अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागांत) जनरेटर चालवायला मनाई असते. म्हणजे विजेचं कनेक्शन नसलेल्या जागी सामना बघायचा तर सगळं बॅटरीवरच चालायला हवं. या एका गोष्टीवर पुढचे निम्मे निर्णय ठरले.

काकांची आणखी एक तक्रार होती. "गाडीची किल्ली फिरवली की पुढचा टीव्ही बंद पडतो. तेवढं दुरुस्त कर." तो बिघाड नव्हता. गाडी चालू असताना ड्रायव्हरला दिसेल असा टीव्ही चालवायला बऱ्याच राज्यांत कायद्याने बंदी आहे, म्हणून किल्लीबरोबर पुढच्या सॉकेटची वीज तोडणारा रिले कारखान्यातच बसवलेला होता. मी त्याला हात लावला नाही. नवा टीव्हीही त्याच सॉकेटवर घेतला. काका थोडे हिरमुसले, काकूंनी मात्र मला चहा वाढवून दिला.

पहिला शनिवार : फक्त वायरी

त्या दिवशी एकही यंत्र बदललं नाही. सिलेक्टर बॉक्स बाहेर ओढला, मागच्या अकरा कोअॅक्स केबलींना (टीव्हीचा सिग्नल नेणाऱ्या, जाळीच्या आवरणाच्या गोल वायरींना) कागदी टेप लावून क्रमांक दिले आणि एकेक केबल कुठे जाते ते टेस्टरने शोधलं. जुन्या मोटरहोममध्ये हे काम टाळून चालत नाही. कारखान्यातला आराखडा, पहिल्या मालकाची भर आणि दुसऱ्याची डागडुजी असे तीन थर एकावर एक बसलेले असतात आणि कुठल्याच थराचा कागद जागेवर नसतो.

अँटेना छतावरची, हँडल फिरवून उभी करायची, वटवाघळाच्या पंखांसारखी पसरलेली. तिला इथे 'बॅटविंग' म्हणतात. तिच्या डोक्यातच अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला लागणारे १२ व्होल्ट त्याच कोअॅक्समधून वर जातात. आत भिंतीवर छोट्या बटणाची एक पट्टी असते, तिच्यावर दिवा. बटण चालू असेल तर टीव्हीला अँटेना मिळते. बंद केलं तर तीच पट्टी कॅम्पग्राउंडच्या केबलचा मार्ग जोडते. काकांनी दोन वर्षं हे बटण चालू ठेवून पार्कची, म्हणजे कॅम्पग्राउंडची, केबल लावली होती आणि "केबल खराब आहे" म्हणून तीन ठिकाणी ऑफिसात तक्रार केली होती. हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण ही गोष्ट त्या पट्टीवर कुठेही लिहिलेली नसते.

मल्टिमीटर लावला तर पट्टीपाशी १२ व्होल्ट होते, छतावर अँटेनाच्या टोकाशी काहीच नव्हतं. अँटेना उभी-आडवी होते तिथे केबलचा एक छोटा तुकडा दर वेळी वाकतो. वीस वर्षं उन्हात वाकून त्याचं आवरण तडकलं होतं आणि आतली जाळी हिरवी पडली होती. तो तुकडा बदलला, छतावरच्या भोकाभोवती नवं सीलंट घातलं आणि एक साधा टीव्ही थेट भिंतीच्या पट्टीला लावून चॅनल शोधले. मग तोच टीव्ही सिलेक्टर बॉक्समधून लावून पुन्हा शोधले. दुसऱ्या वेळी निम्म्याहून अधिक चॅनल गायब. सिग्नल दोन वाटांत वाटला की प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडा कमीच उरतो, आणि त्या बॉक्समध्ये अशा कितीतरी वाटा होत्या. अॅनालॉगच्या दिवसांत सिग्नल घटला की चित्र थोडं दाणेदार व्हायचं, तरी बघता यायचं. डिजिटलमध्ये एका मर्यादेखाली चित्रच येत नाही.

बॉक्स काढून टाकायचा हे तिथेच ठरलं. त्याच्या जागी दोन टीव्हींसाठी एकच साधा स्प्लिटर, तोही पट्टीच्या टीव्हीकडच्या बाजूला. अँटेनाकडच्या बाजूला लावला तर वर जाणारे १२ व्होल्ट अडू शकतात. सॅटेलाइटसाठी छतापर्यंत नेलेली जाड आरजी-६ केबल मोकळीच होती. तिला नवी नेटवर्क केबल बांधून ओढून काढावी असा माझा बेत होता, पण ती जागची हलेना. या गाड्यांच्या भिंतींत फोमचे थर दाबून चिकटवतात आणि वायरी त्यातच गाडल्या जातात. जोर केला असता तर तुटली असती. सोडून दिलं.

डबा खाली उतरवणं

२७ इंची नळीचा टीव्ही साधारण ४० किलोचा. वजनापेक्षा त्याचा तोल फसवतो: सगळा भार काचेच्या बाजूला. सोफ्यावर प्लायवूडची फळी, तिच्यावर जाड रजया, काका आणि त्यांचा शेजारी दोन बाजूंना आणि मी मागून पट्टे सोडवत, अशा तयारीने तो खाली आणला. त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही हे आधीच बजावलं होतं. बंद करून ठेवलेल्या नळीतही हजारो व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो, आणि आतली पोकळी निर्वात असल्यामुळे मानेला धक्का लागून काच फुटली तर तुकडे उडतात. अशा काचेत शिसं असतं, त्यामुळे तो कचऱ्यात न टाकता काउंटीच्या ई-कचरा केंद्रात दिला.

रिकामं कपाट मोजलं: तोंड ७६ सेंटीमीटर रुंद, ६१ उंच, खोली जवळजवळ ५०. इथे एक सुखद गोष्ट घडते. जुना टीव्ही चार-तीन प्रमाणाचा, नवा सोळा-नऊचा. ३२ इंची नवा टीव्ही सुमारे ७२ सेंटीमीटर रुंद आणि ४३ उंच असतो. म्हणजे रुंदीत तो नेमका बसतो आणि खाली १८ सेंटीमीटरची पट्टी मोकळी उरते. बरेच जण ती लाकडाने झाकतात. मला ती आवाजासाठी हवी होती.

नव्या टीव्हीचं वजन पाच किलोच्या आत, पण जुना फळीवर बसलेला होता आणि नवा टांगायचा होता. मागे टांगण्याजोगं काही नव्हतं, तीन मिलिमीटरची शोभेची पाटी तेवढी. तिच्यात स्क्रू मारून मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्याच खराब रस्त्यावर तो टीव्ही डॅशबोर्डवर येतो. म्हणून कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी चौकटीला आरपार बोल्टने १८ मिलिमीटरची प्लाय बसवली, तिच्यावर कुलूपबंद होणारा स्टँड, स्क्रूंना सैल न होऊ देणारा गोंद आणि टीव्हीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे फोमच्या उश्या. थरथर उशीत जिरते, स्क्रूवर येत नाही.

टीव्ही निवडताना मी पॅनेलवर अडून बसले. जुना टीव्ही कुठूनही सारखाच दिसायचा. एलसीडीचं तसं नाही. हा टीव्ही डोक्याच्या वर आणि बघणारे सोफ्यावर खाली, म्हणजे कायम तिरक्या कोनातून बघणं. स्वस्त पॅनेलवर खालून माणसांचे चेहरे राखाडी दिसतात. रुंद कोनातून रंग टिकवणारं आयपीएस पॅनेल घेतलं आणि स्टँड खाली झुकवला. या आकारात फोर-के नसलं तरी अडीच-तीन मीटरवरून फरक कळत नाही, तो पैसा इथे वाचला.

वीज

गाडीत घरासाठी दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून १२ व्होल्ट, सुमारे २२० अँपिअर-तास. शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवू नयेत, म्हणून हाताशी ११०च धरायचे. जुना टीव्ही आणि होम थिएटर मिळून १७० वॅटच्या आसपास. इन्व्हर्टरमधली घट धरली तर बॅटरीतून १६-१७ अँपिअर. चार तासांच्या सामन्याला ६७ अँपिअर-तास, म्हणजे वापरता येण्याजोग्या साठ्याचा निम्म्याहून मोठा घास. नवा टीव्ही, साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांब पट्टीसारखा स्पीकर) आणि स्ट्रीमिंगची काडी मिळून ५५ ते ६० वॅट, बॅटरीतून साडेपाच अँपिअर, चार तासांना २२. त्या पहाटे सहाच्या सामन्याचं गणित इथे सुटलं.

जुना इन्व्हर्टर 'मॉडिफाइड साइन' जातीचा, त्याची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते आणि आवाजाच्या यंत्रांत भुणभुण आणते. त्याच्या जागी ३०० वॅटचा शुद्ध साइन-लहरीचा लावला. मोठा मुद्दाम घेतला नाही, कारण मोठा इन्व्हर्टर काही न चालवताही बॅटरी खात बसतो. मात्र एका गोष्टीत तडजोड केली नाही: पार्कची वीज आली की आपोआप तिच्यावर जाणारा स्विच आत असलेलाच घेतला. पार्कची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच सॉकेटवर कधीही एकत्र येता कामा नये. साधा इन्व्हर्टर सॉकेटला जोडून मोकळं होणं म्हणजे यंत्र जाळणं आणि प्रसंगी गाडीसुद्धा.

बेडरूममध्ये २४ इंची, थेट १२ व्होल्टवर चालणारा टीव्ही. पण गाडीतले '१२ व्होल्ट' नावापुरते. बॅटरी उतरली की ११च्या घरात, चार्ज होत असताना साडेचौदा. म्हणून मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर आणि पाच अँपिअरचा फ्यूज.

आवाज

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझी चूकही इथेच झाली.

काकांना पुन्हा पाच स्पीकरांचं थिएटर हवं होतं. मी विरोध केला. गाडी आतून जेमतेम २.४ मीटर रुंद. सोफ्यावर बसलं की एक 'मागचा' स्पीकर थेट कानावर आणि दुसरा समोरच्या भिंतीत. अशा जागेत आवाज घेरत नाही, गोंधळ घालतो. नाटकात कळीचा असतो तो शब्द, आणि तो बोलणाऱ्याच्या दिशेने आला की मेंदूला कमी कष्ट पडतात. छतावरच्या एसीच्या घरघरीत तर फारच. म्हणून शब्दांसाठी टीव्हीखालच्या १८ सेंटीमीटरच्या पट्टीत साउंडबार, एचडीएमआयच्या एआरसी जोडाने (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून बाहेर नेणारा जोड). आणि छतातले जुने स्पीकर फक्त गाण्यासाठी, वेगळ्या छोट्या अॅम्प्लिफायरवर.

ते जुने स्पीकर चांगल्या जातीचे होते, टाकून देण्याची गरज नव्हती. होम थिएटरचा प्लग कापला आणि प्रत्येक वायरीच्या जोडीला साध्या दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर शिवलं. छतात 'टक' वाजलं की कुठला स्पीकर ते कळतं, आणि पडदा बाहेर आला की आत गेला यावरून धन-ऋणही. काकू खुर्चीवर उभ्या राहून जाळीला बोट लावून सांगत होत्या: "बाहेर. बाहेर. हा आत गेला बघ." एकाची जोडणी उलटी निघाली. दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असले की खर्ज नाहीसा होतो. "या गाडीत तबला कधी ऐकूच आला नाही" या काकूंच्या जुन्या तक्रारीचं उत्तर ते होतं. दुसऱ्या एकाची वायर कपाटाच्या स्क्रूखाली चिरडलेली. ती नव्याने नेली.

अॅम्प्लिफायर १२ व्होल्टचा, कमी वीज वाया घालवणाऱ्या क्लास-डी जातीचा. खोक्यावर '५० वॅट' लिहिलेलं असलं तरी ते २४ व्होल्टला. १२ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला तो साधारण १५ वॅट देतो. एवढ्या जागेला तेवढे पुष्कळ झाले.

सगळं जोडलं, वायरींवरच्या झाकणपट्ट्या बंद केल्या, स्क्रू मारले, अभंग लावला. टाळांच्या मागे बारीक, न थांबणारी भुणभुण. इन्व्हर्टर तर शुद्ध लहरीचा! दोन तास वीज तपासण्यात घालवले. मग टीव्हीच्या मागची अँटेनाची केबल काढली आणि भुणभुण तत्क्षणी गेली. टीव्हीला जमिनीचा (अर्थिंगचा) एक मार्ग अँटेनाच्या जाळीतून मिळत होता आणि दुसरा ऑडिओ वायरीतून अॅम्प्लिफायरमार्गे बॅटरीपर्यंत. दोन मार्गांचं वेटोळं झालं आणि त्यात फिरणारा प्रवाह स्पीकरात ऐकू येत होता. झाकणपट्ट्या बंद करण्याआधी अँटेना लावून ऐकायला हवं होतं, ते मी केलं नाही. सगळं पुन्हा उघडलं.

उपाय स्वच्छ होता: टीव्हीतून अॅम्प्लिफायरकडे तांब्याऐवजी प्रकाश न्यायचा. ऑप्टिकल केबल आणि अॅम्प्लिफायरच्याच १२ व्होल्टवर चालणारा छोटा डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज वाहत नाही, वेटोळं तुटतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ 'पीसीएम'वर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवावा लागतो, नाहीतर स्वस्त कन्व्हर्टर डॉल्बी पद्धतीने दाबलेला आवाज समजू न शकल्याने गप्प बसतो. शिवाय या टीव्हीत एआरसी आणि ऑप्टिकल दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. सगळ्यांत राहत नाहीत, तेव्हा विकत घेण्याआधी बघावं. नाटकाच्या वेळी मात्र छतातले स्पीकर बंदच ठेवायचे. दोन्हींत किंचित वेळेचा फरक पडतो आणि शब्दाला पडसाद येतो.

डॅशबोर्डवरचा कॅसेट रेडिओ बदलून ब्लूटूथवाला बसवला, ते अर्ध्या तासाचं काम. फक्त त्याची वीज इंजिनच्या बॅटरीवरून घरच्या बॅटरीवर आणली, म्हणजे मुक्कामी रेडिओ वाजवून सकाळी गाडी सुरूच होत नाही असं व्हायला नको.

हिशेब : पुढचा टीव्ही १४० डॉलर, बेडरूमचा २१०, इन्व्हर्टर १५०, साउंडबार ११०, अॅम्प्लिफायर आणि कन्व्हर्टर ७५, स्टँड-प्लाय-वायर-फ्यूज ९०, अँटेनाची केबल आणि सीलंट ४०. एकूण ८१५. दुकानाने काकांना याच्या तिप्पट आकडा सांगितला होता आणि त्यात छतातले स्पीकर काढून टाकणं धरलेलं होतं. ते ऐकून मला वाईट वाटलं. त्या लाकडी छतात बसलेले स्पीकर या गाडीतली सगळ्यात चांगली ऐकण्याची वस्तू आहे.

पहिली सहल लेक मिशिगनच्या काठाने वर उत्तरेकडे. तिथून काकांचा फोन: अँटेनाचे चॅनल दिसत नाहीत. गाव बदललं की चॅनल पुन्हा शोधावे लागतात, हे मी सांगायला विसरले होते. दुसरा फोन काकूंचा: टीव्ही प्रवासात थोडा आणखी खाली झुकतो. परतल्यावर वरच्या कडेला एक पट्टा लावला, आता जागचा हलत नाही. अँटेना उभी ठेवून गाडी हाकायची चूक होऊ नये म्हणून काकूंनी एक लाल फीत केली आहे. अँटेना वर गेली की फीत स्टिअरिंगवर, खाली आली की हँडलवर.

मी काढलेला वायरींचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. परवा पाहिलं तर त्याच्या शेजारी काकूंच्या अक्षरातला दुसरा कागद होता: "दिवा लागला = अँटेना. पार्कची केबल लावायची तर दिवा बंद. नाटक = खालची पट्टी. अभंग = छत. नवीन गाव = चॅनल शोध." मागच्या उजव्या स्पीकरच्या पडद्याची कड आता झिजली आहे. साडेसहा इंची नवा मागवला आहे, पुढच्या शनिवारी बसवेन.